भाजल्यानंतरचा व्यायाम: आराम वाटतो तिथेच सांधा आखडतो

तीन वर्षांपूर्वी उकळत्या तेलाने माझा उजवा हात आणि मान भाजली. दुखू नये म्हणून मी कोपर दुमडून, डोक्याखाली उशी घेऊन पडून राहायचो. तिथेच चुकलं. खोल जखम भरताना व्रण आकसतो; ज्या स्थितीत आराम वाटतो, त्याच स्थितीत सांधा आखडतो. म्हणून मान पुढून भाजली असेल तर उशी नको, कोपर सरळ हवं. ताण हळूहळू द्यायचा, झटका नाही. त्वचारोपणानंतर व्यायाम कधी सुरू करायचा, ते डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतील.

दुसरं, खूप भाजलं की स्नायूही झिजतात. अमेरिकेत गॅल्व्हेस्टनला ४० टक्क्यांहून जास्त भाजलेल्या मुलांना १२ आठवडे वजनाचे व्यायाम दिले. २००१मध्ये निष्कर्ष आला, त्यांची ताकद वाढली.

रोपण केलेल्या त्वचेला नीट घाम येत नाही, अंग लवकर तापतं. म्हणून रायपूरच्या उन्हाळ्यात मी तेलीबांधा तलावाभोवती पहाटेच चालतो. व्रण मऊ व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. तोवर रोज ताणायचं.

आज शर्टाचं वरचं बटण माझं मी लावतो. एवढ्यासाठीच हा खटाटोप. भेटू पुढच्या भागात.