मधली फळी कोणाची?

सन २०२१ च्या मार्च महिन्यात इंडियन सुपर लीगच्या उपान्त्य फेरीत एफसी गोवा आणि मुंबई सिटी हे दोन संघ समोरासमोर उभे राहिले, तेव्हा गोव्याच्या फुटबॉलशौकिनांवर मोठा चमत्कारिक प्रसंग ओढवला होता. करोनाच्या साथीमुळे तो सारा हंगाम गोव्यातच आणि तोही प्रेक्षकांवाचून खेळविला गेला होता. मुंबईचा प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा हा वर्षापूर्वीपर्यंत गोव्याचा प्रशिक्षक होता. मुंबईच्या मधल्या फळीचा कणा असलेला मोरोक्कन खेळाडू अहमद जाहू गोव्याहूनच आलेला. आघाडीला चेंडू पुरविणारा ह्यूगो बूमू आणि बचावफळीतील उंचापुरा सेनेगली मुर्तादा फॉल हेही गोव्याचेच. फार काय, गोव्याचे कर्णधारपद भूषविलेला अस्सल गोमंतकीय मंदार राव देसाई हाही आता मुंबईच्या गणवेशात होता. पहिला सामना २-२ असा सुटला. दुसऱ्यात एकशेवीस मिनिटांनंतरही गोल झाला नाही आणि अखेर पेनल्टी किकांवर मुंबईने ६-५ अशी सरशी केली. पुढे अंतिम सामनाही मुंबईने फातोर्ड्याच्याच मैदानावर जिंकला. गोव्याची माणसे, गोव्याची भूमी आणि विजय मात्र मुंबईचा, असा तो प्रकार होता.

या पराभवाची चर्चा सामन्याच्या किती तरी आधी सुरू झाली होती. लोबेरा मुंबईस गेला आणि त्याच्या मागोमाग एकेक खेळाडू निघाला, तेव्हापासून गोव्यातील पाठीराख्यांत दोन तट पडले होते. नवा प्रशिक्षक कोण आणावा, असे एक तट विचारीत होता. या मंडळींच्या मते खेळाडू ही सोंगटी असून ती हलविणारा हात खरा. लोबेराच्या तोडीचा दुसरा हात मिळाला की झाले. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, प्रशिक्षक बाकावर बसतो, मैदानात उतरत नाही. जाहूसारखा मधला माणूस आणल्यावाचून कोणीही प्रशिक्षक काय करणार? तेव्हा आधी मधली फळी भरा. या दोन तटांच्या पलीकडे काही वयस्कर मंडळी होती. धेंपो संघाचे दिवस पाहिलेले हे लोक वादात फारसे पडत नसत. एवढी माणसे बाहेरून आणावी लागतात हेच त्यांना खटकत होते.

वाद गोव्याचा, हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकड्यासारख्या गावच्या वाचकाला त्याचे सोयरसुतक काय, असे कोणी विचारील. मराठवाड्यात मैदान म्हटले की कबड्डी आणि क्रिकेट हेच आधी आठवते, हे खरे. परंतु कबड्डीचा लिलाव सुरू झाल्यापासून हा प्रश्न मराठवाड्याच्या वेशीपर्यंत आलेला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई एक हंगाम यू मुंबाकडून चमकला आणि २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला एक कोटी पंचेचाळीस लाख रुपयांना उचलले. त्याचे भले झाले, याबद्दल कोणालाही आनंदच वाटेल. पण ज्या गावाने आणि ज्या मंडळाने खेळाडू घडविला, त्यांनी आता टाळी कोणत्या संघासाठी वाजवायची, हा पेच तेथेही उरतोच.

फुटबॉलमध्ये हा पेच मधल्या फळीत अधिक तीव्र होतो, आणि त्याला खेळातलेच कारण आहे. गोल करणारा लोकांच्या ध्यानात राहतो, गोल अडविणारा दुसऱ्या दिवशी मथळ्यात येतो. परंतु बचावफळीकडून आलेला चेंडू कोठे न्यायचा, कधी थांबायचे आणि कधी वेग वाढवायचा, हे ठरविणारा मधला माणूस सामन्याच्या अहवालात क्वचितच सापडतो. प्रशिक्षकाचा विचार मैदानात उतरतो तो याच माणसाच्या पायांतून. बार्सिलोनाच्या पठडीत तयार झालेल्या लोबेराचा सारा भर चेंडू आपल्याकडे ठेवण्यावर होता. म्हणूनच प्रशिक्षक आणि त्याचा मध्यरक्षक यांची जोडी जमली की ती सहसा फुटत नाही. एक निघाला की दुसराही निघतो.

मग श्रेय नेमके कोणाचे? घडलेल्या गोष्टी पाहता दोन्ही तटांना पुरेल एवढा पुरावा सापडतो. ३१ जानेवारी २०२० रोजी, साखळीतील तीन सामने उरले असताना, गोव्याने लोबेराला पदमुक्त केले. सूत्रे क्लिफर्ड मिरांडाकडे आली. त्याने ते तिन्ही सामने जिंकले: हैदराबादवर ४-१, मुंबईवर ५-२ आणि जमशेदपूरवर ५-०. तीन सामन्यांत चौदा गोल! साखळीतील अग्रस्थानाची ढाल गोव्याला मिळाली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत प्रवेश मिळविणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. प्रशिक्षक गेला तरी खेळाडू होते म्हणून हे घडले, असे खेळाडूंच्या पक्षाने म्हणावे. पण पुढचीही गोष्ट पाहिली पाहिजे. २०२१ च्या हंगामापूर्वी लोबेरा मुंबई सोडून गेला. बूमूही कोलकात्यास गेला. जाहू मात्र मुंबईतच राहिला. आदल्या वर्षी दोन्ही मानचिन्हे जिंकलेला हा संघ त्या हंगामात पाचव्या स्थानावर घसरला. आता प्रशिक्षकाच्या पक्षाने मान वर करावी.

त्यानंतर जे झाले ते या वादातील सर्वांत बोलके प्रकरण होय. लोबेरा २०२३ मध्ये ओडिशाचा प्रशिक्षक झाला, आणि जाहू व फॉल भुवनेश्वरास पोहोचले. पुढल्या वर्षी बूमूही तेथे गेला. गोवा, मुंबई, भुवनेश्वर. एकच प्रशिक्षक आणि त्याच्याभोवती तीच माणसे. संसार पाठीवर घेऊन फिरणाऱ्या नाटक मंडळीची आठवण व्हावी, असा हा थाट. यात बेकायदा असे काहीच नाही. बूमूच्या बाबतीत मुंबईने करार मुदतीपूर्वी मोडण्याची भरपाईही गोव्याला दिली होती. व्यावसायिक खेळाडूने आपल्याला उमगणाऱ्या गुरूकडे जावे, यात त्याचा दोष तो कोणता? दोष शोधायचाच तर मधली फळी क्लबची नसून प्रशिक्षकाची आहे, हे ज्यांना करार करताना कळले नाही त्यांचा शोधावा. गोव्याला तर तो धडा पुन्हा मिळाला. लोबेराच्या जागी आणलेला हुआन फेरांडो २०२१ च्या डिसेंबरात, ऐन हंगामात, मोहन बागानकडे निघून गेला.

ओडिशाच्या त्या प्रकरणात एक उपकथा दडलेली आहे. लोबेरा येण्यापूर्वी, एप्रिल २०२३ मध्ये, ओडिशाने सुपर कप जिंकला. त्या क्लबचे ते पहिलेच मोठे यश. तेव्हा संघाची हंगामी सूत्रे होती क्लिफर्ड मिरांडाकडेच! म्हणजे एकदा लोबेराने अर्धवट सोडलेले काम या गोमंतकीयाने पुरे केले आणि दुसऱ्यांदा त्याने यश मिळवून दिल्यावर कायमची खुर्ची लोबेराला मिळाली. नवा प्रशिक्षक कोण, या चर्चेत पाठीराखे परदेशी नावांची यादी घोकतात, तेव्हा हे नाव त्यांना का आठवत नसावे?

मिरांडाचे नाव निघाले की त्या वयस्कर मंडळींची धेंपोची आठवण येणे अटळ असते. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले: २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. प्रशिक्षक गोव्याचा, आणि मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स आणि मिरांडा ही गोव्याचीच जोडी. परदेशी खेळाडू धेंपोकडेही होते. ब्राझीलचा बेटो मधल्या फळीतच खेळे आणि नायजेरियाचा रँटी मार्टिन्स गोल करी. पण ते पाहुणे होते, घर दुसऱ्यांचे होते. २००८ च्या एएफसी चॅलेंज चषकात अफगाणिस्तानविरुद्ध अगदी अखेरच्या क्षणी लॉरेन्सने गोल केला. भारताने पुढे तो चषक जिंकला आणि त्यायोगे १९८४ नंतर प्रथमच आशियाई चषकात प्रवेश मिळविला. क्लबच्या मधल्या फळीत वर्षानुवर्षे मुरलेला माणूस देशाच्या उपयोगी पडतो तो असा.

हे दिवस आपोआप आले नव्हते आणि आपोआप गेलेही नाहीत. या क्लबांमागे खाण व्यवसायातील घराणी होती. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले आणि या आधाराला तडा गेला. २०१४ साली सुपर लीग आली. तिला अव्वल आणि आय-लीगला दुय्यम स्थान देण्याच्या योजनेच्या निषेधार्थ २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या तिघांनीही राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. २००७-०८ पासून लागोपाठ सहा वर्षे आय-लीग जिंकणाऱ्या गोव्याकडे त्यानंतर अव्वल स्पर्धेत एकच संघ राहिला. तिन्ही क्लबांची मधली फळी एका संघात मावणार कशी?

त्यातच परदेशी खेळाडूंच्या संख्येचा प्रश्न. २०२०-२१ पर्यंत सुपर लीगमध्ये एका वेळी पाच परदेशी खेळाडू मैदानात उतरू शकत. पुढील हंगामापासून ते चारवर आणले गेले. पाच असोत वा चार, त्यांना उभे कोठे करायचे याचा हिशेब सर्वच क्लब सारखाच करतात. एक बचावाच्या मध्यभागी, एक-दोन मधल्या फळीच्या ऐन मध्यावर आणि एक गोलसमोर. कण्याच्या जागा अशा भरल्या की भारतीय मुलांना बहुधा कडेच्या जागा उरतात. खुद्द मंदार राव देसाई आघाडीच्या डाव्या बगलेला खेळणारा. लोबेराने त्याला डाव्या बचावपटूच्या जागी आणले. तो तेथे उत्तम खेळला, ही गोष्ट वेगळी. अर्थात या नियमाला ब्रँडन फर्नांडिस, लेनी रॉड्रिग्ज यांच्यासारखे अपवाद आहेत. पण राष्ट्रीय संघाला मध्यावर चेंडू खेळविणारा आणि गोल करणारा माणूस सापडत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते, तिची मुळे क्लबांच्या या हिशेबात शोधावी लागतील.

कोल्हापुरात हाच वाद अगदी निराळ्या भाषेत चालतो. तेथे क्लब नव्हेत, तालमी आहेत. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार या नावांमागे पेठा उभ्या असतात आणि शाहू स्टेडियमवरील सामना हा पेठेच्या अब्रूचा सामना असतो. या संघांतही बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडू येऊ लागले, तेव्हा पेठेतल्या पोराला बाकावर बसवून मिळविलेला विजय पेठेचा म्हणावा काय, हा प्रश्न तेथील शौकिनाने रोखठोक विचारला. गोव्यातील चर्चेत हा प्रश्न क्वचितच इतक्या उघडपणे येतो. कोणता स्पॅनिश मध्यरक्षक स्वस्तात मिळेल, यावर तासन् तास वाद घालणारा पाठीराखा, आपल्या क्लबच्या अठरा वर्षांखालील संघाच्या मध्यावर कोण खेळतो, हे सांगू शकेल काय? त्याचे नाव ठाऊक नसेल तर नव्या प्रशिक्षकाकडून तरी त्याने कसली अपेक्षा धरावी?

२०२४ साली ब्रँडन फर्नांडिस, सात हंगाम गोव्याच्या मध्यावर खेळून, मुंबई सिटीकडे गेला आणि गोव्यात पुन्हा तीच चर्चा रंगली: त्याच्या जागी कोणाला आणावे? त्याच वर्षी धेंपोचा संघ खालच्या श्रेणीतून वर येऊन आय-लीगमध्ये परतला. त्याचा प्रशिक्षक होता समीर नाईक, कुलासोंच्या संघातला जुना बचावपटू.