चार मिलिमीटरांचा फूट

खेळांतली आगगाडी रुळांवरून धांवूं लागली कीं लहानांबरोबर मोठेही तिच्याभोंवतीं उभे राहतात, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. परंतु गाडी कितीही सुबक असली, तरी मोकळ्या टेबलावर ती नुसत्या फेऱ्या घालीत राहिली तर थोड्याच वेळांत मन उबगतें. तीच गाडी एखाद्या स्टेशनांत शिरली, मालधक्क्याजवळून गेली, गांवच्या चार घरांमागें क्षणभर दिसेनाशी झाली, म्हणजे ती कोठून तरी आली व कोठें तरी चालली आहे असें वाटूं लागतें. हा भास भोंवतालच्या इमारतींमुळें उत्पन्न होतो. म्हणूनच अशा इमारतींचे सुटे भाग पेटींत घालून विकण्याची प्रथा पडली. त्या पेट्यांविषयीं, व त्यांपासून काय शिकण्यासारखें आहे त्याविषयीं, आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस थोडी माहिती देण्याचें आम्ही योजिलें आहे.

या विद्येचा पाया म्हणजे प्रमाण. इंग्लंडांत सर्वांत अधिक प्रचार 'ओओ' या प्रमाणाचा आहे. त्यांत खऱ्या वस्तूचा १ फूट नमुन्यांत ४ मिलिमीटर होतो. म्हणजे नमुना मूळ वस्तूच्या सुमारें ७६ व्या हिश्शाएवढा. जर्मनी, अमेरिका वगैरे देशांत 'एचओ' हें प्रमाण चालतें. त्यांत १ फुटास ३.५ मिलिमीटर, म्हणजे ८७ वा हिस्सा. मापाचा अर्धा भाग इंग्रजी व अर्धा फ्रेंच, ही गंमत दोहोंतही आहे.

दोन्ही प्रमाणांच्या गाड्या मात्र एकाच, १६.५ मिलिमीटर रुंदीच्या, रुळांवर चालतात. याचें कारण ऐकण्यासारखें आहे. खरे रूळ १४३५ मिलिमीटर रुंद असतात. त्यास ८७ नें भागलें तर १६.५ मिलिमीटर येतात, तेव्हां एचओचा हिशेब बरोबर जुळतो. परंतु इंग्लंडांतील खरीं एंजिनें इतर देशांतील एंजिनांपेक्षां अंगानें लहान. त्यांच्या लहानग्या नमुन्यांत त्या काळच्या विजेच्या मोटारी मावेनात. तेव्हां कारागिरांनीं रूळ तेच ठेविले व एंजिनाचें अंग ४ मिलिमीटरांच्या मापानें वाढविलें. हिशेबानें रूळ १८.८३ मिलिमीटर रुंद पाहिजेत, ते अरुंदच राहिले. ही तडजोड इंग्लंडांत अद्याप चालूं आहे, आणि ती न रुचणारे कांहीं हौशी लोक १८.८३ मिलिमीटरांचे रूळ स्वतःच्या हातानें तयार करतात.

घरांच्या बाबतींत अशी तडजोड चालत नाहीं. ओओ प्रमाणाचें घर एचओच्या घरापेक्षां सातव्या हिश्शानें मोठें असतें. दोन्ही शेजारीं ठेविलीं कीं एकाचा दरवाजा दुसऱ्याहून उंच दिसतो व सारें गांव खोटें पडतें. म्हणून पेटी घेतांना चित्राआधीं तीवरील प्रमाण वाचावें. ओओच्या मापानें ६ फूट उंचीचा मनुष्य २४ मिलिमीटरांचा होतो, साडेसहा फुटांचा दरवाजा २६ मिलिमीटरांचा, आणि ९ इंच लांबीची वीट अवघ्या ३ मिलिमीटरांची. उलट ६०० फूट लांबीचा फलाट या मापानेंही २.४ मीटर जागा व्यापतो. एवढी जागा क्वचित्‌च मिळते. म्हणून फलाटाची लांबी कमी करतात, परंतु दारें-खिडक्या व पायऱ्या यांचें माप कधींही बदलीत नाहींत. मनुष्याच्या अंगास जें लागून असतें त्यांतील चूक डोळ्यांस लगेच खुपते.

पेट्या मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिल्या छापील पुठ्ठ्याच्या. इंग्लंडांतील मेटकाफच्या पेट्या या जातीच्या आहेत. दुसऱ्या प्लॅस्टिकच्या; त्यांत जर्मनींतील ब्लॅक फॉरेस्ट प्रदेशांत १९४६ सालीं दोघा भावांनीं स्थापन केलेल्या फालर या कारखान्याचें नांव जगभर झालें आहे. तिसऱ्या पातळ लांकडाच्या. त्यांचे भाग अलीकडे लेसर किरणांनीं कापतात.

काम करतांना घाई हाच मोठा शत्रु होय. प्लॅस्टिकचे भाग चौकटीस जोडलेले असतात. ते पिळून न तोडतां धारदार पात्यानें कापावे, व राहिलेला कंगोरा बारीक कानशीनें घांसावा. पात्याचें काम लहान मुलांनीं वडील माणसांच्या देखरेखीखालींच करावें. गोंद लावण्यापूर्वीं सर्व भाग एकदां कोरडेच जुळवून पाहावे. प्लॅस्टिकसाठीं वापरावयाचें पातळ द्रव्य खरें पाहतां चिकटवीत नाहीं. तें दोन्ही कडा किंचित् विरघळवितें व सांधा एकजीव करतें. म्हणून चुकीचा जोड मागाहून सुटत नाहीं. त्याची वाफ उग्र असल्यामुळें खिडक्या उघड्या ठेवाव्या. पुठ्ठ्यास सुताराचा पांढरा गोंद थोडाच लावावा, व कापलेल्या पांढऱ्या कडा भिंतीच्या रंगानें रंगवाव्या. प्रत्येक कोपरा गुण्यानें तपासावा. पहिला कोपरा वांकडा गेला तर छप्पर कधींच बसत नाहीं. आंत दिवा ठेवावयाचा असेल तर भिंती आंतून काळ्या कराव्या, नाहींपेक्षां सारें घर कंदिलासारखें उजळतें.

हा केवळ वेळ घालविण्याचा उद्योग आहे, असें कोणी म्हणेल. त्यास आम्ही पेंडनची गोष्ट सांगूं. रॉय इंग्लंड नांवाचे गृहस्थ १९२५ सालीं ऑस्ट्रेलियांतून इंग्लंडांत आले. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यांतील गवतानें शाकारलेलीं जुनीं घरें मोडत आहेत किंवा त्यांचें रूप पालटत आहे, हें पाहून त्यांस हळहळ वाटली. त्यांनीं खरीं घरें मोजलीं व ४ मिलिमीटरांच्या मापानें पुठ्ठ्याचीं उभीं करण्याचें व्रत घेतलें. त्यांतून १९५४ सालीं लाँग विटेनहॅम या गांवीं पेंडन संग्रहालय निघालें. तेथील भिंतींचा एकेक दगड पुठ्ठ्यावर कोरून जलरंगांनीं वेगळा रंगविलेला आहे. तें गांव कल्पनेंतलें असलें, तरी त्यांतील घरें खऱ्या घरांवरून घेतलेलीं आहेत. मूळ घरें मोडलीं तरी त्यांचीं मापें उरलीं.

आपल्याकडे पुण्यास कोथरूड भागांत भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें लहान रेल्वेचें संग्रहालय आहे. पालकांनीं मुलांस तें अवश्य दाखवावें. मात्र विलायती पेटींतून निघणारीं घरें विलायतीच असणार. जांभ्या दगडाची भिंत, मंगळुरी कौलें, फलाटावरील पाणपोई हीं त्यांत कोठून मिळणार? आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरांचा. ओओच्या मापानें तो २२ मिलिमीटर होतो, व बाजारांतील रूळ त्यास पुरत नाहींत. १९०७ सालीं सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गाची रुंदी २ फूट, म्हणजे नमुन्यांत ८ मिलिमीटर. त्यास 'एन' प्रमाणाचे ९ मिलिमीटरांचे रूळ बहुतेक जुळतात.

तेव्हां पहिली पेटी जुळवून हात बसला, कीं विद्यार्थ्यांनीं फूटपट्टी व वही घेऊन आपल्या गांवांतील एखादी जुनी इमारत, मालकाची परवानगी घेऊन, मोजावी. वहीच्या पुठ्ठ्यावर ती ४ मिलिमीटरांच्या फुटानें आंखावी व कापावी. यास खर्च फारसा येत नाहीं. आणि ती इमारत उद्यां पाडली गेली, तर तिची उंची, दारें व खिडक्या किती होत्या हें निश्चित सांगणारी एक तरी वही गांवांत राहील.