जुन्या पिकअपची बॉडी नव्या चासीवर

संकल्पना

अमेरिकेत १९४० आणि १९५० च्या दशकांतील पिकअप ट्रकची केबिन, बॉनेट, मडगार्ड आणि मागचा हौदा तसाच ठेवून त्याखाली काही दशकांनंतरच्या वाहनाची चासी बसवण्याची प्रथा चांगलीच रुजलेली आहे. गाडीचे रूप जुने राहते. तिची चाल, वळणे घेणे आणि थांबणे मात्र नव्या गाडीचे होते. या कामासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या गाड्यांत शेवरलेची ‘३१००’ आणि फोर्डची ‘एफ-१००’ या येतात. पुढील विवेचनात मुख्य उदाहरण ३१०० चे घेतले आहे. अर्ध्या टनाच्या वर्गातील ही पिकअप १९४७ च्या उन्हाळ्यात बाजारात आली आणि १९५५ च्या प्रारंभापर्यंत थोड्याफार बदलांसह बनत राहिली.

हे शक्य का होते

जुन्या पिकअपमध्ये बॉडी आणि चासी हे दोन स्वतंत्र भाग असतात. चासी शिडीसारखी असते: दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे सदस्य. एंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, स्टिअरिंग, ब्रेक हे सारे चासीला जोडलेले असते. केबिन व हौदा तिच्यावर बोल्टने बसवलेले असतात, आणि केबिनखाली रबर असते. बॉडी नसलेली, उघडी चासी चालवत बॉडी बांधणाऱ्या कारखान्याकडे निघालेले चालक महाराष्ट्रातील महामार्गांवर दिसतात. त्यामागचे तत्त्व हेच आहे. आजच्या बहुतेक मोटारींमध्ये मात्र बॉडी हाच सांगाडा असतो. तेथे वेगळी काढता येईल अशी चासीच नसल्यामुळे दाता गाडीची, म्हणजे चासी पुरवणाऱ्या गाडीची निवड पिकअप आणि काही मोजक्या मोठ्या मोटारींपुरती मर्यादित राहते.

जुनी चासी कशासाठी बनली होती

जुनी चासी सदोष होती असे म्हणणे अन्यायाचे आहे. ती वेगळ्या कामासाठी बनली होती. तिच्या तुळयांचा छेद इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा उघडा असून सांधे रिव्हेटचे होते. शेतातील खाचखळग्यांत ती थोडी पिळली जाई आणि त्यामुळेच चाके जमिनीला टेकून राहत. पुढे अखंड बीम एक्सल, चारही कोपऱ्यांत पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि त्यांना तेलाचा दाब पोहोचवणारे एकच मंडल अशी रचना होती. २१६ घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरांचे एंजिन जेमतेम ९० अश्वशक्ती देई. मागच्या एक्सलचे गुणोत्तर ४.११ असल्यामुळे ओझे सहज ओढले जाई, पण वेग वाढला की एंजिन धापा टाकू लागे. अमेरिकेचे आंतरराज्य महामार्गांचे जाळे १९५६ च्या कायद्यानंतर उभे राहिले; ही गाडी त्याआधीची. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने वाहणाऱ्या रस्त्यावर तिला आणले की एकच ब्रेक-मंडल आणि सैल स्टिअरिंग या गैरसोयी राहत नाहीत, धोके बनतात. चासीबदलाचे खरे कारण येथे आहे.

दाता गाडीची निवड

३१०० साठी नेहमीची दाता गाडी म्हणजे शेवरलेचीच छोटी पिकअप ‘एस-१०’. ती १९८२ च्या मॉडेलवर्षापासून २००४ पर्यंत बनली, त्यामुळे भंगारबाजारात मुबलक मिळते. दोन चाकांना चालना असलेल्या एस-१० मध्ये पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि गुंडाळी स्प्रिंग आहेत, डिस्क ब्रेक आहेत आणि १९८८ पासून ४.३ लिटरचे व्ही-६ एंजिनही मिळत होते. फोर्डच्या जुन्या पिकअपसाठी ‘क्राउन व्हिक्टोरिया’ निवडली जाते. अमेरिकी पोलिसांची आणि टॅक्सीवाल्यांची ही मोटार २०११ पर्यंत स्वतंत्र चासीवर बनत होती. २००३ पासून तिच्यात रॅक-पिनियन स्टिअरिंग आले आणि पुढचे सस्पेन्शन अॅल्युमिनियमच्या एका स्वतंत्र चौकटीवर बसवले गेले. ही चौकट बोल्ट काढून अखंड उतरवता येत असल्याने अनेक कारागीर पूर्ण चासीऐवजी तेवढीच घेऊन जुन्या चासीला जोडतात.

मापांचा मेळ

सर्व कामाचे यश मापांवर ठरते. पहिले माप व्हीलबेसचे, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतराचे. ३१०० चा व्हीलबेस ११६ इंच आहे. एस-१० तीन लांब्यांत मिळे: आखूड हौद्याची १०८.३ इंच, लांब हौद्याची ११७.९ इंच आणि वाढीव केबिनची १२२.९ इंच. क्राउन व्हिक्टोरियाचा व्हीलबेस ११४.७ इंच, तर १९५३ ते १९५६ च्या एफ-१०० चा ११० इंच. दोन इंचांचा फरक लहान वाटतो. पण मडगार्डच्या गोल कमानीत चाक तेवढे मागेपुढे गेले तर गाडीकडे पाहताक्षणी ते खटकते. म्हणून चासी कापून तिची लांबी जुळवावी लागते.

व्हीलबेस जुळला तरी काम संपत नाही. पुढच्या एक्सलपासून केबिनच्या पुढच्या भिंतीपर्यंतचे अंतर दोन्ही गाड्यांत वेगवेगळे असते. चाक कमानीच्या मध्यावर आणले की केबिन चासीवर भलत्याच जागी येते, आणि मग एंजिन भिंतीला भिडते किंवा रेडिएटरला जागा उरत नाही. नवख्यांचे लक्ष व्हीलबेसवर खिळते. जाणकार आधी हे दुसरे अंतर मोजतात.

तिसरे माप रुंदीचे. एस-१० ही अरुंद गाडी असल्यामुळे तिची चाके ३१०० च्या फुगीर मडगार्डांत फार आत जातात. ती बाहेर आणण्यासाठी हबवर जाड चकत्या किंवा वेगळ्या खोलीची रिम लावतात. क्राउन व्हिक्टोरियाची अडचण उलट आहे: ती इतकी रुंद आहे की टायर मडगार्डला घासू नये म्हणून चाक आत घेणारी रिम शोधावी लागते.

उंचीचा प्रश्न सहसा सर्वांत उशिरा लक्षात येतो. नव्या चासीच्या तुळया मागच्या एक्सलवरून कमानीसारख्या वर चढतात. ३१०० च्या हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा, सपाट आणि खाली असतो. त्यामुळे तो काही इंच वर उचलावा लागतो आणि हौद्याची खोली तेवढी घटते.

चासी कापणे

लांबी कमी करण्यासाठी तुळईचा सरळ भाग निवडतात; वळणावर किंवा सस्पेन्शनच्या आधाराजवळ काप घेणे धोक्याचे. काप उभा आणि सरळ न ठेवता तिरका किंवा पायरीच्या आकाराचा घेतात, जेणेकरून वेल्डिंगचा सांधा एकाच उभ्या रेषेत येत नाही आणि वाकण्याचा ताण त्या एका रेषेवर एकवटत नाही. सांध्यावर बाहेरून चौकटीच्या आकाराची पोलादी पट्टी जोडतात. कापण्यापूर्वी ओळंबा सोडून चासीवरील महत्त्वाचे बिंदू सपाट जमिनीवर उतरवून घेतात. जोडल्यानंतर दोन्ही कर्ण समान आले तरच चासी काटकोनात आहे असे मानता येते. प्रोपेलर शाफ्टही तेवढाच आखूड करून पुन्हा संतुलित करावा लागतो, शिवाय ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्या नव्याने बांधाव्या लागतात. या संपूर्ण प्रकल्पात प्राणाशी थेट संबंध असलेले काम हेच आहे. प्रमाणित वेल्डरशिवाय ते करू नये. कापावी न लागणारी किंवा अगदी थोडी कापावी लागणारी चासी काही महिने शोधत राहणे अधिक शहाणपणाचे ठरते.

केबिन बसवणे

जुन्या केबिनचा पत्रा कोपऱ्यांत आणि पायाखाली गंजलेला असतो, आणि चासीवरून उचलताच ती वाकू शकते. म्हणून उचलण्यापूर्वी दरवाजांच्या चौकटींत नळ्यांचे तात्पुरते तिरपे आधार वेल्ड करतात. नव्या चासीचे मूळ आधार जुन्या केबिनच्या छिद्रांशी जुळत नाहीत; नवे कंस बनवून त्यांवर रबरी माउंट बसवावे लागतात. ते आधी नुसते टाके मारून धरायचे, दरवाजे लावून फटी पाहायच्या, चकत्या घालून उंची सारखी करायची आणि मगच पक्के वेल्डिंग करायचे, असा क्रम असतो. चासी व बॉडी यांची गाठ या काही माउंटवरच पडते. ते कडक किंवा असमान बसले तर चासीचा प्रत्येक पीळ केबिनमध्ये उतरतो. दरवाजे अडकतात, काचा खडखडतात.

याच टप्प्यावर काही जुने धोके नाहीसे होतात. त्या काळच्या अनेक पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, आसनाच्या मागे असे. आता ती चासीच्या तुळईलगत, केबिनच्या बाहेर येते. जुन्या स्टिअरिंगचा दांडा गिअरपेटीपासून चालकाच्या छातीपर्यंत अखंड सरळ होता. दाता गाडीचा दांडा सांध्यांचा असतो आणि धडकेत दबतो. केबिनच्या तळाखालच्या एकमंडली ब्रेक सिलिंडरऐवजी दुहेरी मंडलाचा सिलिंडर बूस्टरसह केबिनच्या पुढच्या भिंतीवर येतो. एका मंडलाचे तेल गळाले तरी दुसरे काम करते.

तारा आणि संगणक

१९५४ पर्यंतच्या ३१०० ची विद्युतव्यवस्था सहा व्होल्टची होती. दाता गाडीसोबत बारा व्होल्टची व्यवस्था आणि एंजिनचा संगणक येतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारी व हलक्या ट्रकमध्ये १९९६ पासून ‘ओबीडी-२’ ही समान निदानव्यवस्था सक्तीची झाली. तिच्यामुळे नंतरचे बिघाड शोधणे सोपे जाते, मात्र संगणकाला अपेक्षित असलेला प्रत्येक संवेदक जागेवर असावा लागतो. किल्लीशी जोडलेली चोरीविरोधी यंत्रणा अर्धवट उचलून आणली तर एंजिन सुरूच होत नाही. या कारणास्तव दाता गाडी सुटी न घेता अखंड आणि चालू स्थितीत घेणे श्रेयस्कर मानले जाते.

मर्यादा

चासी नवी झाल्याने केबिन नवी होत नाही. धडकेची ऊर्जा शोषून घेण्यासाठी ठरावीक क्रमाने चुरगळणारा भाग जुन्या बॉडीत नसतो, आणि दरवाजांच्या कड्याही तशा मजबूत नसतात. एअरबॅग दाता गाडीच्या विशिष्ट रचनेसाठी जुळवलेल्या असल्यामुळे त्या जुन्या केबिनमध्ये बसवून भरवसा ठेवता येत नाही. सीटबेल्ट लावता येतात, पण त्यांचे आधार नुसत्या पत्र्यावर न घेता जाड पट्टी मागे जोडून घ्यावे लागतात. आणखी एक मर्यादा मूल्याची आहे: अखंड, मूळ भागांसह टिकलेली गाडी कापली की तिचे ऐतिहासिक महत्त्व परत मिळत नाही. चासी सडलेल्या किंवा एंजिन हरवलेल्या गाडीसाठीच हा मार्ग योग्य आहे.

ओळख आणि कायदा

दोन गाड्यांची एक गाडी झाली की तिची ओळख कोणती, हा प्रश्न उभा राहतो. ३१०० ची क्रमांकपट्टी केबिनच्या दरवाजाच्या खांबावर असते. एस-१० चा १७ अंकी-अक्षरी क्रमांक डॅशबोर्डवर असतो आणि तो तिच्या केबिनबरोबर निघून जातो. क्रमांकपट्टी काढणे वा बदलणे हा अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि नोंदणीचे नियम राज्याराज्यांत भिन्न आहेत. म्हणून काम सुरू होण्याआधीच राज्याच्या कार्यालयात चौकशी करून दोन्ही गाड्यांची कागदपत्रे जपली जातात.

भारतात हा मार्ग जवळपास बंद आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व अधोरेखित केले. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची विशेष नोंदणी मिळते. त्यासाठी चासी, बॉडी व एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. शेवरलेच्या मालक कंपनीने, जनरल मोटर्सने, १९२८ मध्ये मुंबईत वाहनजुळणी सुरू केली होती. त्या परंपरेतील एखादी शेवरले महाराष्ट्रात कुणाच्या आवारात उभी असेल, तर तिच्यासाठी मूळ स्वरूपातील जीर्णोद्धार हाच रास्त मार्ग.

अन्य मार्ग

संपूर्ण चासी न बदलता जुन्या चासीला केवळ स्वतंत्र पुढचे सस्पेन्शन जोडता येते. १९७४ ते १९७८ च्या ‘मस्टँग-२’ या छोट्या फोर्ड मोटारीच्या रचनेवर आधारलेले आडवे सदस्य अमेरिकेत त्यासाठी तयार मिळतात. काही कारखाने तर ३१०० किंवा एफ-१०० च्या बॉडीसाठीच मोजून बनवलेली पूर्ण नवी चासी विकतात. एस-१० च्या तुलनेत ती बरीच महाग पडते. मात्र केबिनची मूळ छिद्रे तिच्या आधारांशी जुळतात, हौद्याचा तळ फारसा हलवावा लागत नाही, आणि बाजूला काढून ठेवलेली जुनी चासी पुढे कधीही त्याच बोल्टांवर परत बसवता येते.