फुकटाचा सर्व्हर आणि त्याची राखण

कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आम्ही इंजिनियर नव्हे. शाळाही अर्ध्यावर सुटली. परंतु एका कामगार पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आम्ही काही वर्षे होतो, आणि तेथे जे शिकलो ते फी भरून शिकलो. ती फी सभासदांनी भरली, हे आधीच सांगून टाकतो.

संस्थेचा हिशेब पूर्वी एका पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरवर चाले. दरसाल लायसनचे पैसे भरावयाचे. तारीख चुकली की काम बंद. खतावणी आमची, ठेवी आमच्या, सभासद आमचे. पण खतावणी उघडण्याची किल्ली त्याच्या खिशात. २०१६ साली मंडळाने ठराव करून तो पाश तोडला. एका सभासदाच्या मुलाने जुन्याच यंत्रावर लिनक्स बसविले, त्यावर हिशेबाचे मुक्त सॉफ्टवेअर चढविले, आणि वार्षिक सभेत वाचलेल्या रकमेचा आकडा सांगून आम्ही टाळ्या घेतल्या.

लिनक्स म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. संगणकाचे यंत्र आणि आपले काम यांच्यामध्ये एक मुख्य प्रणाली बसलेली असते. यंत्राचा वेळ कोणत्या कामाला किती द्यायचा, कोणती फाईल कोणी उघडायची, हे ती ठरविते. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने अशा एका प्रणालीचा गाभा लिहिला. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ पासून चालविलेल्या ग्नू प्रकल्पाची हत्यारे त्याला येऊन मिळाली. तिचा परवाना म्हणतो: चालवा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या, मात्र बदललेले दुसऱ्याला देताना त्याचा मूळ मजकूरही त्याच शर्तींवर द्या. आमच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीला हे समजावून सांगावे लागत नाही. ऑईल इंजिन खोलून, भाग मोजून, पुन्हा जुळवूनच तो धंदा शिकला. झाकण वेल्ड करून टाकलेले इंजिन त्याने घेतले असते काय?

त्याच परवान्यात आणखी एक कलम आहे. या मालाची कसलीही हमी नाही, असे ते स्वच्छ सांगते. टाळ्या घेताना आम्ही ते वाचलेले नव्हते.

किल्ली परक्याच्या हाती असली म्हणजे काय होते, ते २०२५ च्या जुलैत देशाने पाहिले. नायरा एनर्जी ही मुंबईत कचेरी असलेली, रशियन भागीदारीची तेल कंपनी. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले, आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेलसकट सेवा थांबविल्या. कंपनीने पैसे भरलेले होते, हिंदुस्थानात तिच्यावर बंदी नव्हती. तरी तिला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या तेलशुद्धीवाल्याची ही गत, मग शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याने कोणाच्या दारात जावे? तथापि लिनक्स घेतले म्हणजे या भीतीतून सुटलो असेही समजू नये. ते परक्याच्याच भाड्याच्या यंत्रावर ठेवले तर दार त्याचेच राहते.

आता आमची गोष्ट. तो मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. सर्व्हर चालत होता, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहिले नाही. रोज रात्री खतावणीची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर जाण्याची सोय त्याने केली होती. ती डिस्क भरली, आणि प्रत निघणे थांबले. सर्व्हरने ही गोष्ट लपविली नाही. दर रात्री तो व्यवस्थापकाच्या खात्यातल्या टपालपेटीत तक्रार टाकीत होता. ती पेटी आठ महिने कोणी उघडली नाही. २०१९ च्या मार्चअखेरीस मुख्य डिस्क गेली. रोजकीर्द कागदावर छापून ठेवण्याची जुनी सवय होती म्हणून वाचलो. दोन कारकून बाई आणि एक शिपाई यांनी सतरा रात्री बसून आठ महिन्यांच्या नोंदी पुन्हा चढविल्या. लग्नसराई तोंडावर आलेली. कर्जाला अर्ज केलेले सभासद रोज येऊन दारातून परत जात. आणि त्या तिघांनी जादा कामाचा मोबदला मागितला तेव्हा मंडळात चुळबुळ झाली. तीस वर्षे दुसऱ्यांच्या दारात ओव्हरटाइम मागणारे आम्ही, त्या दिवशी मालकाच्या खुर्चीत बसून गप्प होतो. पैसे दिले; पण दुसऱ्या सभेत दिले.

हे केवळ आमच्यासारख्या अडाण्यांचे होते असे नाही. २०२४ च्या जुलैअखेर सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे तीनशे लहान बँकांना, त्यांत सहकारी बँका पुष्कळ, देशाच्या किरकोळ देवघेवीच्या यंत्रणेतून काही काळ बाजूला काढावे लागले. क्लाउडसेक या कंपनीच्या अहवालाप्रमाणे चोर शिरले ते एका जोड पुरवठादाराच्या, नीट न मांडलेल्या जेनकिन्स सर्व्हरमधून. जेनकिन्स हे मुक्त स्रोताचेच हत्यार. त्यातला जो दोष अहवालात दाखविला आहे, त्याची दुरुस्ती त्याच वर्षी जानेवारीत निघालेली होती, आणि तीही फुकट. ती बसवायला माणूस लागतो, एवढेच.

तर या माणसाचे काम कोणते? लिनक्समध्ये ‘रूट’ नावाचे एक खाते असते; त्याला कोणतीही फाईल वाचता येते, पुसता येते. ही गुरुकिल्ली रोजच्या कामाला वापरू नये, आणि एकाच माणसाजवळही ठेवू नये. बंद लिफाफ्यात तिजोरीत ठेवावी. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. दुरुस्त्या दर आठवड्याला बसवाव्यात, पण हिशेबाच्या यंत्रावर बसविण्यापूर्वी दुसऱ्या यंत्रावर पाहाव्यात. प्रत्येक आवृत्तीला वय असते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला साधारण पाच वर्षे मोफत दुरुस्त्या मिळतात; सेंटओएसची सातवी आवृत्ती ३० जून २०२४ ला संपली, आणि ती वापरणाऱ्यांना दुसरे घर शोधावे लागले. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवण्यासारखी आहे, विम्याच्या हप्त्यासारखी. आणि प्रत काढणे म्हणजे अर्धेच काम. ती उघडते की नाही, ते उघडूनच कळते.

या कामाला किंमत आहे, हे बाजाराला ठाऊक आहे. रेड हॅट ही कंपनी लिनक्सवर उभी राहिली, आणि २०१९ साली आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरला घेतली. जिच्या मालाचा मूळ मजकूर उघडा, तिला एवढा भाव कशाचा? दुरुस्त्या करणाऱ्या, अडल्या वेळी फोन उचलणाऱ्या माणसांचा. आपल्याकडे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट आहे: हिशेब, माल, उत्पादन सांभाळणारे, मुक्त परवान्याचे. ज्याला राखता येते त्याने ते स्वतः चालवावे. ज्याला येत नाही त्याने पैसे देऊन चालवून घ्यावे. दोन्ही मार्ग सरळ आहेत. लायसनचे पैसे वाचवायचे आणि राखणाऱ्यालाही द्यायचे नाहीत, हा तिसरा मार्ग आम्ही चालून पाहिला आहे.

एका लहान संस्थेला पूर्ण पगाराचा माणूस झेपत नाही, हे मान्य. आमच्या संस्थेने शेजारच्या दोन संस्थांशी मिळून एक मुलगी नेमली. दोन दिवस येथे, दोन दिवस तेथे, आणि पगार तिघींत वाटून. नेमणूकपत्र आहे, रजा आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती आदल्या रात्रीची प्रत दुसऱ्या यंत्रावर उभी करते, आणि कारकून बाई कोणत्याही पाच सभासदांची बाकी छापील रोजकीर्दीशी ताडून पाहतात.