स्लोवर न टिकणारी पद्मिनी : दोष शोधायचा कुठून?

(मिरजेतील व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय प्रीमियर पद्मिनी. सांगली-मिरज रस्त्यावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार व्हायची, तीच पुढे पद्मिनी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही थांबली. पण घरच्या गाड्या अजून आहेत. वडिलांनी घेतलेली, मुलगा रविवारी बाहेर काढतो अशी गाडी. तक्रार बहुधा एकच असते : पळते छान, पण थांबलं की थरथरते, मिसिंग मारते, आणि रेस सोडली की बंद. कार्बोरेटर बदलूनही तेच झालं, की कुणीतरी म्हणतं, 'आता भंगारात द्या.' तो निर्णय घेण्याआधी काय तपासायचं, ते आपण पाहू.

आधी स्लोवर इंजिनात काय चालतं ते समजून घेऊ. पाय सोडला की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. हवा थोडीच आत जाते आणि मॅनिफोल्डमध्ये जोराची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, तयार होतो. पेट्रोल यावेळी मुख्य जेटमधून नाही, तर स्लो जेटच्या बारीक भोकातून येतं. म्हणून वेगात लपलेला दोष स्लोवर उघडा पडतो. हवाच थोडी असल्यावर जरा जादा हवा कुठून शिरली, तरी मिश्रण बिघडतं. १०८९ सीसीच्या चार सिलिंडरांपैकी एक जरी नीट पेटला नाही, तरी अख्खी गाडी हलते.

आता क्रम. पहिली ठिणगी, मग हवा, मग पेट्रोल, आणि ॲडजस्टमेंट सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. आधीच स्क्रू फिरवतात आणि मूळ दोष झाकला जातो.

ठिणगीपासून सुरू करू. चारही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी. चारांतला एकच वेगळा दिसला, तर दोष त्याच सिलिंडरचा. मग डिस्ट्रिब्युटर उघडा. पॉइंटवर खड्डे पडलेत का, फीलर गेजनं गॅप बरोबर येतो का, ते बघा. गॅप बदलला की टायमिंगही बदलतं, म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हातानं बाजूला हलवून पाहा. बुश झिजला असेल तर गॅप दर फेरीला बदलतो आणि कितीही जुळवला तरी टिकत नाही. गाडी गार असताना ठीक आणि तापल्यावर बंद पडत असेल, तर कंडेन्सर आणि कॉइलवर संशय घ्या.

दुसरी हवा. कार्बोरेटरच्या खालचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं पॅकिंग आणि तिथं जोडलेली एखादी चिरलेली नळी इथं हवा घुसते. इंजिन स्लोवर ठेवून या सांध्यांवर थोडं पाणी फवारा. डिस्ट्रिब्युटर आणि वायरी ओल्या होऊ देऊ नका. आवाज बदलला, की जागा सापडली. पेट्रोल कधीच फवारायचं नाही. गरम इंजिनावर आग लागायला वेळ लागत नाही.

तिसरं पेट्रोल. चोक थोडा ओढल्यावर इंजिन टिकतं आणि आत ढकलल्यावर मरतं, असं असेल तर एक तर हवा घुसतेय किंवा स्लो जेटमध्ये कचरा आहे. हवेचा सांधा आधी तपासलेला असेल, तर जेट काढून हवेच्या दाबानं साफ करा. आत तार घालू नका, भोक मोठं होतं. उलट काळा धूर आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर फ्लोटची लेव्हल आणि नीडल व्हॉल्व्ह बघा. एवढं करूनही एक सिलिंडर सुस्तच राहिला, तर टॅपेटचा गॅप आणि कॉम्प्रेशन तपासा.

आता एक गोष्ट आपल्या उसाच्या पट्ट्याशी जोडलेली. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्येच ऑक्सिजन असतो. त्यामुळं एक किलो शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. जुना कार्बोरेटर हे ओळखत नाही. तो पूर्वीच्याच मापानं सोडतो आणि मिश्रण पातळ पडतं. शिवाय इथेनॉल ओलावा ओढतं, आणि जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा त्यानं खराब होतो. म्हणून नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या आणि महिनोन् महिने टाकीत पेट्रोल साठवू नका.

हे सगळं झाल्यावरच मिक्सचर स्क्रू. इंजिन पूर्ण तापू द्या. स्क्रू हळूहळू आत घ्या. इंजिन अडखळू लागलं की परत बाहेर, आवाज एकसारखा होईपर्यंत. मग स्लोचा स्क्रू जुळवा. मिरजेत हे वेगळं सांगायला नको : खुंटी ढिली असताना नुसते मणी सरकवून तंबोरा लागत नाही. ठिणगी आणि हवा ही आपली खुंटी, स्क्रू हा मणी.

तेव्हा गाडी भंगारात जाण्याआधी एवढा क्रम एकदा पाळून बघा. दोष पुष्कळदा एखाद्या पॅकिंगचा किंवा पॉइंटचा निघतो. पुढच्या वेळी इंजिन तापण्याच्या तक्रारीकडे वळू.