पदवी की परवाना?

बारामतीत गोजुबावीजवळच्या धावपट्टीवरून प्रशिक्षणाची छोटी विमानं उडतात, इंदापूरच्या उसावर घिरट्या घालून परततात. ती पाहून ‘एव्हिएशन’ला जायचं ठरवणाऱ्यांनी आधी एवढी फोड करून घ्यावी.

कॉकपिट : व्यावसायिक पायलटच्या परवान्याला पदवीची अट नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, वय १८ पूर्ण, ‘क्लास वन’ मेडिकल, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) लेखी परीक्षा आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. लॉगबुकात त्यांपैकी १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेला पायलट म्हणून दिसावे लागतात. एक फेरी किमान ३०० सागरी मैलांची, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरची. वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरायचं. रात्रीचे ५ तासही त्या २०० तासांतच.

उड्डाणाचे हे तास जोखमीचेही असतात. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेलं प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत शेतात कोसळलं. आत एकटीच प्रशिक्षणार्थी होती. ती जखमी झाली, पण बचावली.

ऑफिस : विमानतळ किंवा एअरलाइनच्या व्यवस्थापनासाठी बीबीए, एमबीए. या क्षेत्रासाठीचं केंद्रीय विद्यापीठ, राजीव गांधी राष्ट्रीय विमानन विद्यापीठ, उत्तर प्रदेशात फुरसतगंजला आहे.

रेखाटन : विमानाची रचना शिकायची तर बीईनंतर ‘गेट’ ही परीक्षा देऊन एरोस्पेसमध्ये एमटेक. आयआयटी मुंबईत पवईला हा विभाग आहे.

हँगर : दुरुस्ती तपासून, सही करून विमान सेवेत सोडणाऱ्या इंजिनिअरला डीजीसीएचा स्वतंत्र परवाना लागतो. नुसत्या बीई किंवा एमटेकवर ती सही करता येत नाही.