सांडपाण्याचे शुद्धीकरण आणि उत्प्रेरकाचा टिकाऊपणा

रासायनिक क्रियेचा वेग वाढवूनही जो पदार्थ क्रियेच्या अखेरीस मूळ स्वरूपात शिल्लक राहतो, त्यास उत्प्रेरक म्हणतात. कारखान्यांच्या सांडपाण्यात मात्र या व्याख्येची कसोटी लागते.

सांडपाण्यातील फिनॉलासारखी द्रव्ये जंतूंच्या साहाय्याने नष्ट करणे अवघड असते. कारण त्यांचे प्रमाण वाढल्यास ती त्या जंतूंनाच मारक ठरतात. म्हणून त्यांचे ऑक्सिडीकरण करावे लागते. लोहक्षाराच्या सान्निध्यात हायड्रोजन पेरॉक्साइड टार्टारिक अम्लाचे जोमाने ऑक्सिडीकरण करते, हे केंब्रिज येथील रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी १८९४ साली प्रसिद्ध केले. पुढे हीच क्रिया सांडपाण्यासाठी उपयोगात आली. परंतु तिच्यासाठी पाणी बरेच आम्लधर्मी, म्हणजे पीएच सुमारे ३, असावे लागते. आणि नंतर ते उदासीन करताना लोहाचा गाळ साचतो.

हा गाळ टाळण्यासाठी धातू किंवा त्याचे ऑक्साइड एखाद्या घन आधारद्रव्यावर बसविण्याची कल्पना पुढे आली. ॲल्युमिनावर बसविलेले ताम्र ऑक्साइड हे तिचे परिचित उदाहरण होय. येथे एक विलक्षण अडचण उद्भवते. फिनॉलाचे विघटन होताना ऑक्झॅलिक, फॉर्मिक इत्यादी अम्ले तयार होतात आणि तीच तांबे विरघळवू लागतात. म्हणजे उत्प्रेरकाच्या कार्यातून निर्माण झालेले पदार्थच त्याचा ऱ्हास घडवितात! विरघळलेले तांबे जलचरांस घातक असते. शिवाय ते स्वतःही क्रिया घडवून आणीत असल्यामुळे पहिल्या प्रयोगात यश भरघोस दिसते व निरीक्षक फसतो.

ही फसगत ओळखण्याची युक्ती साधी आहे. क्रिया अर्धवट असताना गरम द्रव गाळून घन उत्प्रेरक वेगळा करावा. गाळलेल्या द्रवात क्रिया तशीच चालू राहिली, तर विरघळलेला धातूच काम करीत होता असा संशय घ्यावा.

ऱ्हासाची अन्य कारणेही आहेत. उत्प्रेरकावर कार्बनयुक्त थर साचतो, धातूचे सूक्ष्म कण एकत्र येऊन मोठे होतात, तर तप्त पाण्यात ॲल्युमिनाची संरचनाच बदलते. टायटॅनियम किंवा झिर्कोनियम यांच्या ऑक्साइडांवर बसविलेले रुथेनियम अधिक टिकते; परंतु ते महाग पडते.

तेव्हा उत्प्रेरकाची पारख करताना दोन प्रश्न विचारले पाहिजेत : त्याने किती घाण नष्ट केली, आणि स्वतःचा किती अंश पाण्यात सोडला? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज पाणी शुद्ध झाले असे म्हणता येत नाही.